बावीस चुकीची उत्तरं

"ड्रायव्हर खोटं बोलतंय," फळ्यासमोर उभा असलेला माणूस म्हणाला.

तो कुणाशी बोलत नव्हता. हात मागे बांधून, मान वर करून त्यानं फळ्यावरचा मजकूर दोनदा वाचला आणि निकाल देऊन टाकला. महानंदा त्याच्या मागेच उभी होती, बोटांवरचा खडू पदराला पुसत. श्रावण लागून चार दिवस झाले होते, पण सोलापूरचं ऊन पंचांग बघत नाही. वाचनालयाच्या फाटकापाशी ते चांगलं कडकडीत पडलं होतं आणि त्या माणसाच्या टकलावर चकाकत होतं.

फळ्यावर तिच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'एसटीचा ड्रायव्हर कंडक्टरचा सख्खा भाऊ आहे. पण ड्रायव्हरला एकही भाऊ नाही. हे कसं?'

"खोटं कुणीच बोलत नाही," ती म्हणाली.

तो वळला. उंच, पांढऱ्या मिशा, अर्ध्या बाह्यांचा इस्त्री केलेला शर्ट. नखांच्या कडांना मात्र काळं तेल मुरलेलं होतं, धुऊन न जाणारं.

"तुमी लिवलंय व्हय?"

"हो."

"मग तुमीच सांगा की."

"शनिवारी संध्याकाळी पाचला. त्याआधी उत्तर लिहून चिठ्ठी त्या पेटीत टाकायची. बरोबर आलं तर पुढच्या गुरुवारी फळ्यावर नाव लागतं. चुकलं तर शनिवारी त्या बाकावर बसून ऐकायचं."

त्यानं बाकाकडे बघितलं. कडुनिंबाखाली होता बाक, सावलीत.

"म्हंजे चुकल्यालाच बसाया मिळतंय?"

"हो."

"बरंय," तो म्हणाला. खिशातून पेन काढलं आणि फाटकाच्या खांबावर कागद टेकवून तिथल्या तिथं लिहायला लागला.

शनिवारी तिनं पेटी उघडली. नऊ चिठ्ठ्या होत्या. एकीवर लिहिलं होतं : 'ड्रायव्हर खोटं बोलत आहे. त्याची बदली करावी. – अभिमन्यू ढगे, शेळगी.'

पाचला तो हजर. ती बाकाच्या एका टोकाला बसली आणि म्हणाली, "कंडक्टर बाई आहे. ड्रायव्हर तिचा भाऊ. त्याला बहीण आहे, भाऊ नाही."

त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "आमच्या मंगळवेढ्याच्या गाडीला तर बाईच असती की. रोज बघतोय."

"बघतो आपण. पण कंडक्टर म्हटलं की डोळ्यांपुढं मिशाच येतात."

तो आपल्या मिशांवरून हात फिरवत हसला. त्या हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलले. महानंदाला का कोण जाणे, ते खांदे घरी जाईपर्यंत आठवत राहिले.

*

महानंदा हत्तुरे चौसष्ट वर्षांची होती. छत्तीस वर्षं तिनं शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर बाळीवेशीतल्या या वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घालायला येऊ लागली आणि पहिल्याच महिन्यात तिनं फळा ताब्यात घेतला. तिथं रोज एक सुविचार लिहिलेला असे. कष्ट करा, खरं बोला, वेळ पाळा. वाचून कुणी एक मिनिट थांबत नसे. तिनं ओल्या फडक्यानं सुविचार पुसला आणि कोडं लिहिलं. माणसं थांबायला लागली.

कोडी तिला वडिलांनी दिलेली होती. त्या काळचं सोलापूर भोंग्यावर चालायचं. गिरणीचा भोंगा झाला की भाकरी तव्यावर पडायची, दुसरा झाला की मुलं शाळेला निघायची. वडील गिरणीत होते. पाळी सुटली की लहानगी नंदा फाटकाशी उभी असे. अप्पांच्या केसांत, भुवयांत कापूस अडकलेला असायचा, भर तिशीत म्हातारे झाल्यासारखे दिसायचे. तिचं बोट धरून ते घरापर्यंत चालत आणि वाटेत एक कोडं घालत. कधी मराठीत, कधी कानडीत. तिला आलं नाही की ती रडकुंडीला येई. मग अप्पा म्हणत, "कोडं सोपंच असतं, नंदा. अवघड भाग आपण घरून घेऊन येतो."

पुढे अप्पा गेले. ती बावीस वर्षांची होती, नुकतीच नोकरीला लागलेली. पाठीवर दोन भाऊ, एक बहीण. दुसऱ्या वर्षी अक्कलकोटकडचं एक स्थळ चालून आलं. पाहुणे बाहेर बसले होते, ती आत पोहे परतत होती. आई बाहेर म्हणाली, "आमच्या नंदाला लग्न करायचं नाही. तिला भावंडांचं बघायचंय."

उलथनं हातात धरून तिनं ते ऐकलं. तिला लग्न करायचं नाही हे तिला त्या दिवशी कळलं. कुणी तिला विचारलं नव्हतं. तिनंही बाहेर जाऊन सांगितलं नाही. पोहे तेवढे खाली लागले.

भावंडं मार्गी लागली. आता ती धाकट्या भावाच्या, चनबसप्पाच्या, घरी राहत होती. भावजय धनलक्ष्मी मनानं चांगली होती. महानंदाला काही कमी नव्हतं. तिला काही हवं असेल असंही कुणाला वाटत नव्हतं.

*

अभिमन्यू ढगे दर गुरुवारी येऊ लागला. चिंचोळी एमआयडीसीत एका सूतगिरणीत त्यानं तीस वर्षं फिटरचं काम केलं होतं. यंत्राचा नुसता आवाज ऐकून कुठला पट्टा सैल झालाय ते सांगायचा, असं वाचनालयाचा शिपाई शिवू सांगे. पण कोड्यात काही त्याची डाळ शिजत नव्हती. आठवड्यामागून आठवडे तो चुकत होता, आणि असा चुकत होता की ती शनिवारी आधी त्याचीच चिठ्ठी शोधायची.

'एक माणूस भर पावसात घरी चालत गेला. छत्री नाही, टोपी नाही, आडोसा नाही. तरी डोक्यावरचा एकही केस भिजला नाही. कसा?'

त्याचं उत्तर : 'तो माणूस सोलापूरचा असणार. पाऊस पडलाच नसणार.'

नेमका त्या शनिवारी पाऊस आला. बारीक, झिरझिरा, धुळीचा वास उठवणारा. शिवूनं बाक आत घ्यायचा का विचारलं, पण तोवर अभिमन्यू येऊन बसलाही होता. थेंब टकलावरून घरंगळत मिशांत उतरत होते.

"हे तरी तुम्हाला यायला हवं होतं," महानंदा म्हणाली.

"कशापायी?"

ती नुसती त्याच्या डोक्याकडे बघत राहिली. त्याचा हात सावकाश वर गेला, टकलावरून फिरला, आणि खांदे हलायला लागले.

"बाई... माणसाला इतकं उघडं पाडू नये."

"मी काही बोलले का?"

"न्हाई बोलला. डोळं बोललं की."

तिनं पटकन डोळे चिठ्ठ्यांकडे वळवले. कागदावरची शाई पावसानं पसरायला लागली होती.

शिवूला मजा वाटे. "बाई, काकांचं नाव अभिमन्यू. आत शिरतात, बाहेर पडता येत नाही."

"शिवू, तुझं नाव मागच्या गुरुवारी फळ्यावर आलं म्हणून फार वर चढू नकोस," ती म्हणे.

भाद्रपद गेला, दसरा गेला. एका शनिवारी तो पसरट स्टीलचा डबा घेऊन आला आणि बाकावर दोघांच्या मध्ये ठेवला.

"लई झाल्यात. घिऊन जावा."

आत कडक भाकऱ्या होत्या आणि शेंगांची चटणी. महानंदानं एक भाकरी उचलली, उजेडाकडे धरली. पलीकडची कडुनिंबाची फांदी तिच्यातून दिसतेय की काय असं वाटावं इतकी पातळ. कड कुठं फाटलेली नाही, मध्ये जाड नाही, करपलेला ठिपका नाही. असल्या भाकऱ्या तिनं आजीच्या हातच्या खाल्ल्या होत्या, त्यानंतर नाही. धनलक्ष्मीच्या हातच्याही चांगल्या होत्या, पण या म्हणजे कागद.

"ज्यांच्या हातच्या आहेत त्यांना सांगा," ती म्हणाली, "हात फार हलका आहे."

तो जमिनीकडे बघत होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्यासारख्या वाटल्या. "सांगतो की," तो म्हणाला.

त्या दिवसापासून त्या बाकावर तिसरं माणूस बसायला लागलं. महानंदाला ती बाई स्पष्ट दिसे. ठेंगणीठुसकी, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत सारून थापायला बसलेली, नाकात खड्याची चमकी. हसरी असणार. नवऱ्याच्या कोड्यांची घरी थट्टा करत असणार. 'आजबी चुकलासा?' म्हणत असणार. महानंदानं कधी तिचं नाव विचारलं नाही. नाव कळलं असतं तर ती बाई आणखी खरी झाली असती.

डबा रिकामा परत द्यायचा नसतो. कधी तिनं गव्हाची गोड हुग्गी घातली, कधी कारळाची चटणी, कधी परसातले पेरू. दर शनिवारी डबा जाई आणि दर शनिवारी भरून येई. आणि दर शनिवारी घरी जाताना ती स्वतःला बजावून सांगे, की हे सगळं चांगलं आहे, साधं आहे, दोन घरांचं येणंजाणं आहे. चौसष्टाव्या वर्षी आणखी काय असतं.

मग दिवाळीनंतर तो एक शनिवार आला.

'दोघीजणी उभ्या आहेत. एकीचं तोंड पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला. आरसा नाही, कुणी मान वळवत नाही. तरी दोघी एकमेकींना बघतात. कशा?'

त्यानं लिहिलं होतं : 'त्यांचं भांडण झालेलं आहे. पण सावल्यांवरून एकमेकींना बघतात.'

"भांडण कुठून आलं?" तिनं विचारलं.

"पाठ फिरवून उभ्या हायत म्हंजे भांडणच की."

"पाठ फिरवलीय असं कुठं लिहिलंय?"

"तोंडं दोन बाजूला..."

"उठा बरं," ती शाळेत म्हणायची तशी म्हणाली. तो उठला. "तिकडं उभे राहा, झाडापाशी. तोंड पूर्वेला करा." तो वळला. ती त्याच्यापासून चार पावलांवर गेली आणि पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिली. "आता सांगा."

ती पश्चिमेकडे बघत होती आणि पश्चिमेला तो होता. कलतं ऊन त्याच्या मागून येत होतं. तिच्या तोंडावर पडत होतं. तिला डोळे बारीक करावे लागले, पण मिटावेसे वाटले नाहीत. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. तिचा आवाज पार चौकापर्यंत जाऊन विरला, तरी दोघं तसेच.

"दिसतंय का?" अखेर तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"दिसतंय," तो म्हणाला. "लई दिवसांपास्नं दिसतंय."

फाटकाशी शिवू खोकला. महानंदानं वाकून चिठ्ठ्या गोळा करायला घेतल्या. त्या गोळाच केलेल्या होत्या.

त्या रात्री तिनं ठरवलं, की आता मध्ये एक रेघ ओढलेली बरी. आपल्यासाठी नव्हे, त्या चमकीवाल्या बाईसाठी.

*

संक्रांत आली. गड्ड्याची जत्रा भरली, नंदीध्वज निघाले, बाळीवेशीतल्या गल्ल्या बाराबंदीतल्या माणसांनी पांढऱ्या झाल्या. धनलक्ष्मीनं घरी हळदीकुंकू केलं. लग्न न झालेल्या वयस्कर बाईला हळदीकुंकवात कुठं बसवायचं हे कुणालाच कधी ठरवता येत नाही, म्हणून ती चहा करते. महानंदानं चाळीस वर्षं चहा केला होता. यंदाही केला. सगळ्या गेल्यावर उरलेलं एक वाण तिनं मागून घेतलं. छोटी स्टीलची वाटी, हळदीकुंकवाच्या पुड्या, तिळगूळ, सहा हिरव्या बांगड्या. डब्यात ठेवलं आणि वर चिठ्ठी : 'वहिनींना हळदीकुंकवाचं वाण. त्यांना माझा नमस्कार सांगा.'

शनिवारी डबा दिला. तो नेहमीसारखा बोलला, नेहमीसारखा हसला, डबा सायकलला अडकवून गेला. झाकण अर्थातच त्यानं घरी जाऊन उघडलं असणार.

पुढच्या गुरुवारच्या कोड्याला त्याची चिठ्ठी नव्हती.

कोडं साधं होतं : 'ताटात पाच लाडू. पाच जणांनी एकेक घेतला. तरी एक लाडू ताटातच राहिला.' चिठ्ठ्या अकरा आल्या. तिनं त्या दोनदा मोजल्या. शनिवारी पाचला बाकावर चौघं बसले. तिनं सांगितलं, की शेवटच्यानं लाडू ताटासकट घेतला. चौघं हसले. साडेपाच झाले, सहा झाले. तिनं फाटकाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि फाटकाला नवा रंग कधी दिला, कुठं पोपडे आलेत, कितव्या गजाला गंज धरलाय, हे सगळं तिला त्या तासाभरात पाठ झालं.

सोमवारी तिनं शिवूला सहज विचारल्यासारखं केलं.

"ढगे काका? पुस्तकं जमा करून गेले की शुक्रवारी," शिवू म्हणाला. "पुण्याला चाललेत, पोराकडं. कायमचे. ह्या रविवारी. युवराज न्यायला येणार हाय."

"असं होय." तिनं हातातलं कव्हर नीट घडी घालून ठेवलं. मग उलगडलं. मग पुन्हा घडी घातली.

शिवू थोडा वेळ घुटमळला. "बाई, एक सांगू? रागावू नका."

"सांग."

"माझं नाव तीनदा फळ्यावर आलं का नाही? ती उत्तरं माझी नव्हती. काकांनी सांगितलेली. मलाच न्हवं, त्या औषधाच्या दुकानवाल्याला, पेपरवाल्या मावशींना... गुरुवारी फळा वाचला की ते जागच्या जागी उत्तर सांगायचे. एकदाबी चुकले नाहीत."

"मग चिठ्ठीत..."

"ते कोडं तुमीच सोडवा," शिवू म्हणाला आणि झाडू घेऊन आत गेला.

तिनं कपाट उघडलं. त्याच्या चिठ्ठ्या तिनं का ठेवल्या होत्या हे तिनं स्वतःलाही विचारलं नव्हतं. रबर लावून ठेवलेल्या. मोजल्या, बावीस. बावीस गुरुवार, बावीस चुकीची उत्तरं. एकेक चाळताना तिला आता दिसलं, की असली चुकीची उत्तरं बरोबर उत्तर माहीत असल्याशिवाय सुचतच नाहीत. छत्तीस वर्षं पोरांचे पेपर तपासले तिनं. न येणाऱ्याची चूक वेगळी असते आणि मुद्दाम केलेली वेगळी. हे तिला कळायला हवं होतं. पण हा माणूस साधा, यंत्रावरचा, याला कुठून येणार, असं तिनं पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं.

तिला आधी लाज वाटली. मग आनंद झाला. मग लगेच राग आला. घरी तसली सोन्यासारखी बायको असताना या माणसानं बावीस आठवडे...

तिनं रिक्षा केली.

*

शेळगीत पत्ता विचारावा लागला नाही. "ढगे मामांचं घर ना? त्या भाकरीचा आवाज येतोय तिथं," एक बाई म्हणाली.

आवाज येत होता. थप्, थप्, थप्. एका लयीत, घाई नसलेला. दार उघडंच होतं. महानंदा उंबऱ्याबाहेर थांबली. आत त्या हिरव्या बांगड्या असणार. तिनं पदर सारखा केला. मनात वाक्य जुळवलं. वहिनी, तुम्ही जाणार म्हणून कळलं, म्हटलं भेटून यावं.

"वहिनी आहेत का?" तिनं हाक दिली.

थपथप थांबली.

"कोण हाय?" आतून त्याचाच आवाज आला.

ती आत गेली. स्वयंपाकघर म्हणजे समोरचीच खोली होती. गॅसपाशी जमिनीवर, पाटावर, लेंगा आणि बंडी घातलेला अभिमन्यू ढगे बसला होता. कोपरापर्यंत पीठ. पुढ्यात परात, परातीत अर्धी थापलेली भाकरी, पुनवेच्या चंद्रासारखी गोल. मंद आचेवर तव्यात दुसरी होती आणि ती कडक व्हावी म्हणून तो फडक्याच्या बोळ्यानं तिला कडेकडेनं दाबत होता. मागच्या भिंतीवर एका हसऱ्या बाईचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. फोटोखालच्या फळीवर स्टीलची वाटी, हळदीकुंकवाच्या दोन पुड्या आणि सहा हिरव्या बांगड्या नीट मांडून ठेवल्या होत्या.

महानंदा भिंतीला टेकली.

"भाकरी... तुम्ही करता?"

"मग कोण करणार?"

"पहिल्यापासून?"

"नऊ वर्सं झाली बायकूला, बजाला जाऊन. त्याच्या आधीपास्नंच करतोय. तिचं सांधं धरलं हुतं, बोटं वळायची न्हाईत. शेजारच्या मल्लव्वानं शिकवलं मला. बजा तितं खुर्चीवर बसून चुका काढायची." तो थांबला. पिठाच्या हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. "तुमाला ठाऊक न्हवतं?"

"मला वाटलं..."

"तीन म्हैनं?"

"तीन महिने."

"आख्ख्या शेळगीला ठाऊक हाय. म्या म्हटलं शिवूनं सांगितलं असंल. तुमी 'हात हलका आहे' म्हणाला, तवा वाटलं माझी चेष्टाच करताय. घरी यिऊन दोन दिस खुशीत हुतो."

ती खाली बसली. फळ्यावर लोकांच्या मिशा आणि पाठी मोजणारी बाई, आणि तीन महिने एक अख्खी बायको मनातल्या मनात घडवून बसली होती, चमकीसकट. तिला हसू आलं आणि हसताना डोळे भरले. दोन्ही तिनं पदरानंच पुसलं.

"मग आला का नाहीत? गुरुवारी, शनिवारी?"

तो तव्याकडे बघत राहिला.

"डबा उघडला. चिठ्ठी वाचली. 'वहिनींना'. मग डोस्क्यात उजेड पडला. बायकोवाला समजून तुमी माझ्याशी बोलत हुता. म्हणून मोकळ्या बोलत हुता. ह्यो बाबा एकटा हाय कळलं, तर बाकाच्या पार त्या टोकाला सरकशीला. न्हाईतर येणारच न्हाई. त्यापरीस म्हटलं... युवराज दोन वर्सं बोलावतोच हाय."

"हे सगळं तुम्ही आपलं आपणच ठरवलंत."

"व्हय."

"मला न विचारता."

त्यानं परातीतलं पीठ उगाच कडेला सारलं.

"आणि बावीस उत्तरं मुद्दाम चुकलात."

"बरोबर दिली असती तर बाकावर बसाया मिळत न्हवतं," तो म्हणाला. शाळेतल्या मुलासारखा, मान खाली घालून. मग मान वर केली. "बरं. आता इचारतो. तुमाला काय पायजे?"

बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. महानंदानं आजवर हजारो प्रश्न विचारले होते, फळ्यावर, वहीत, परीक्षेत. हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. आईनं नाही, भावांनी नाही, तिनं स्वतः तर नाहीच. उत्तर कुठं ठेवलंय हेच तिला आधी आठवेना. आणि मग लक्षात आलं, ते तिथंच होतं, अगदी वर.

"भाकरी करपतेय," ती म्हणाली.

त्यानं भाकरी उतरवली. गॅस बंद केला. आणि थांबून राहिला. घाई नव्हती त्याला.

"तुम्ही पुण्याला जाऊ नये," ती म्हणाली. "मला... तुम्ही इथं हवे आहात. नुसते शनिवारी नाही. रोज."

आपण हे खरंच बोललो का, हे बघायला तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. बोललो होतो.

"मग न्हाई जात," तो म्हणाला.

"इतकं सोपं?"

"अवघड काय हाय? युवराजला वाटलं बा येणार, बाला वाटलं जावं लागणार. नको जाऊ म्हणून कुणी म्हणलंच न्हवतं. आता म्हणलंय." मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "तुमच्या घरी... चालंल? आमी मंगळवेढ्याचं कुणबी. तुमचं घर म्हंजे लिंगायताचं..."

"चनबसप्पा आठ दिवस बोलणार नाही. धनलक्ष्मी आधी रडेल, मग साडी कुठली घ्यायची ते विचारेल." ती सरळ होऊन बसली. "मी सांगेन त्यांना. आतून नाही, बाहेरच्या खोलीत बसून सांगेन."

त्याला ते नीट कळलं नाही, पण त्यानं मान डोलावली. परातीतली अर्धी भाकरी वाळायला लागली होती. पाण्याचा हात लावून त्यानं ती पुन्हा फिरवायला घेतली. थप्, थप्. त्या मोठ्या, तेल मुरलेल्या बोटांखाली भाकरी वाढत चालली; कड कुठं फाटली नाही. महानंदा बघत राहिली. आणि तिला वाटलं, आता बोलायला सुरुवात केलीच आहे तर सगळंच सांगून टाकावं.

"आणखी एक आहे," ती म्हणाली.

"सांगा की."

"मला भाकरी येत नाही."

थपथप थांबली.

"थापताना फाटते. उचलताना मोडते. हत्तुऱ्यांच्या घरातली मी, आणि मला कडक भाकरी तर सोडाच, साधी येत नाही. आईनं जन्मभर हे कुणाला कळू दिलं नाही. पाहुणे यायचे तेव्हा ती करायची आणि नंदानं केल्यात म्हणून वाढायची."

अभिमन्यूचे खांदे हलायला लागले. त्यानं मघाशी उतरवलेली भाकरी मोडली, कट्ट असा आवाज झाला. मोठ्या तुकड्यावर शेंगांची चटणी घातली आणि तो पिठाच्या हातानंच तिच्यापुढं धरला.

"बरं झालं," तो म्हणाला. "एका चुलीला दोन सुगरणी चालत न्हाईत."